आवाज पोचेल अशी पाटी

गास,
ता. ५ जानेवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

अ. उ. आ. आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून आधी ते देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी.

ताई फोन का करत नाही, असं तू रॉबर्टला विचारलंस म्हणे. रॉबर्ट भाजीचा टेम्पो चालवतो, आपल्या घरातली भांडणं नाही. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, नाहीतर सुरुची सांगते ते आंघोळीला गेलेत. दिवसातून चार वेळा आंघोळ करणारा माणूस मी गासमध्ये अजून पाहिला नाही. आणि उचललास तर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच बरं बरं ताई म्हणून ठेवतोस. कागद असा ठेवता येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीचे पाय, चुका दिसतील त्या तू ऑफिसात बसून सुधार. हे पत्र पालकाच्या जुड्यांत खोचलंय. उत्तर रिकाम्या क्रेटमधून येऊ दे.

आता तू पाठवलेल्या त्या टॅबबद्दल.

आई चार महिने पलंगावर आहे. गणपतीत विहिरीपाशी शेवाळावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, डॉक्टरने गाडीत बसायला अजून मनाई केलीय. हे तुला माहीत आहे, पण तू माहीत नसल्यासारखा वागतोस म्हणून पुन्हा लिहिलं. या चार महिन्यांत तिने एकच गोष्ट मागितली. तुझ्या ऋतिकाच्या लग्नात धवले गायचे. पन्नास वर्षं ती हळदीला, मांडवाला गाते आहे. धवलारीण गायला बसल्याशिवाय आपल्यात नवरीला हळद लागत नाही. गावातल्या निम्म्या बायकांच्या संसाराची सुरुवात आईच्या गळ्यातून झालीय. आणि आता तिच्याच नातीचं लग्न, १६ फेब्रुवारीला, माणिकपूरच्या हॉलमध्ये, आणि ती इथे छताचे वासे मोजते आहे. म्हणून माझ्या लेकीने, खुशीने, सुचवलं की टॅबवर व्हिडिओ कॉल लावू, आजी पलंगावरून गाईल, तिकडे हॉलमध्ये ऐकू येईल. तुला एवढंच सांगितलं होतं, आईला झेपेल असा परवडणारा टॅब बघ.

तू काय पाठवलंस, तर काचेचं ताट. त्यात सिम घालायला जागाच नाही. तुझे भावजी टाचणी घेऊन अर्धा तास चारी बाजूंनी खाच शोधत बसले. शेवटी खुशी म्हणाली, बाबा, हा फक्त वायफायवर चालतो. आपल्या वाडीत वायफाय कुठून आणू, केळीला लागतं का? वजन एवढं की आईने दोन हातांत धरला आणि दोन मिनिटांत पोटावर ठेवला. भात पाखडून आणि मेथी खुडून तिच्या बोटांवर साल राहिली नाही, ती काच तिचं बोट ओळखतच नाही. दहादा दाबून तिने विचारलं, हा माझ्यावर रुसलाय का.

कोणासाठी घेतलास रे तू हा? आईला डोळ्यांसमोर आणलंस का घेताना?

लोभ आहे. तो वाढवायचा की आहे तेवढाच ठेवायचा, ते तुझ्या उत्तरावर.

तुझी ताई,
विनया

*

माणिकपूर,
ता. ९ जानेवारी २०२५

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पालकाचा ओला डाग पडला होता तरी प्रत्येक शब्द लागला. लागला म्हणजे दोन्ही अर्थांनी.

ताई, टॅब मी डोळे मिटून घेतलेला नाही. तीन रात्री वाचून, पंधरा-वीस टॅबची तुलना करून घेतला. अकरा इंची स्क्रीन आहे, आईला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून मोठा घेतला. आठ जीबी रॅम आहे, म्हणजे अडकणार नाही. बॅटरी दिवसभर जाते. या किमतीत एवढं कुणी देत नाही, सगळीकडे त्याला चार स्टार आहेत. सिमवाले घेतले तर तेवढ्याच पैशात बाकी सगळं कमी मिळतं. वायफाय नसलं तरी खुशीच्या मोबाइलवरून हॉटस्पॉट देता येतो, तिला विचार, एका मिनिटाचं काम आहे. आईला मालिका बघता येतील, कीर्तनं ऐकता येतील, तिचा जीव रमेल, हा माझा विचार होता. परत करायची मुदत आता संपली आहे.

लग्नाची तयारी धावपळीची चालू आहे. हॉल सकाळी आठ ते दुपारी दोन एवढाच मिळालाय. हळद, लग्न, फोटो, जेवण, सगळं त्यात बसवायचं. होणाऱ्या जावयाच्या, अल्पेशच्या घरच्यांनी डीजे ठरवला आहे. तरी मी त्यांच्याशी बोलून जागा काढली आहे. आईचं गाणं खुशीने आधी रेकॉर्ड करून पाठवावं, मी त्याची दोन मिनिटांची क्लिप करून हळदीच्या वेळी लावायला सांगतो. म्हणजे आईलाही ताण नाही.

सुरुची तुला नमस्कार सांगते आणि म्हणते की मी दिवसातून दोनदाच आंघोळ करतो.

राग कमी आणि लोभ जास्त असू दे.

तुझा,
जितेंद्र

*

गास,
ता. १४ जानेवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

अ. उ. आ. सोबत डब्यात तिळगूळ आहे. तो खा. गोड बोलायचं ते तू बोल, माझ्याकडून आज ते होणार नाही.

दोन मिनिटं. हे तू लिहिलंस तेव्हा तुझा हात थांबला नाही का? पायाच्या अंगठ्याला हळद लावतात तिथपासून कपाळापर्यंत जायला आईचा धवला अर्धा तास घेतो. दोन मिनिटांत ती घोट्यापर्यंतसुद्धा येत नाही. तुझ्या लेकीला घोट्यापर्यंतच हळद लावायची आहे का? आणि आईला ताण नको म्हणतोस. चार महिने न गाता पडून राहायचा ताण येतो तिला. सकाळी मी दोन घरांवरून तिची वेणी घालायला जाते तेव्हा तिचे ओठ हलत असतात. आवाज काढत नाही. तालीम करते आहे.

हॉटस्पॉटचं ऐक. खुशी सकाळी सातला कॉलेजला जाते आणि मोबाइल तिच्याबरोबर जातो. मग आईने दिवसभर काय करायचं, त्या काचेत स्वतःचं तोंड बघायचं? आणि लग्नाच्या दिवशी एका मोबाइलच्या आधारावर आईचा सगळा धवला टांगून ठेवायचा? तुझे चार स्टार काढून चार दिवस गासमध्ये राहायला पाठव, मग कळेल त्यांना.

तुला राग येईल अशी एक गोष्ट लिहिते, येऊ दे. मी शाळा का सोडली ते तुला कोणी सांगितलं नसेल. मी चौथीत होते, तू पाळण्यात. लग्नसराई आली की आईला रोज एका मांडवाचं बोलावणं असायचं, बाबा वाडीत. तुला सांभाळायला कोणी नाही. बाईंना सांगून आईने माझं नाव काढलं, एवढं सोपं होतं तेव्हा. माझी पाटी फडताळावर गेली ती खाली आलीच नाही. तुला कडेवर घेऊन मी आईच्या मागे मागे मांडवात जायचे, दाराआड उभी राहायचे, तू रडलास की बाहेर न्यायचे. म्हणजे तू शिकलास त्यात आईचे धवले आहेत आणि माझी चौथी आहे. आता ते धवले तुझ्या हॉलमध्ये बसत नाहीत म्हणे.

तुझा टॅब परत पाठवते आहे. तुझ्या घरी वायफाय आहे, सुरुचीला भाजीची कृती बघायला होईल. मी स्वतः माणिकपूरला येऊन दुसरा टॅब घेणार आहे. तुझ्या घरी येणार नाही, मला वेळ नाही.

लोभ कसाबसा आहे.

विनया

*

गास,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

अ. उ. आ. टॅब घेतला. तुला कळवायची गरज नव्हती, पण रॉबर्ट तुला सांगणारच आणि चुकीचं सांगणार.

स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानात टाय लावलेला एक माणूस होता. त्याने आधी माझ्या चपला बघितल्या, मग मी. माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. मी मराठीत विचारलं की दहा हातांवरून गायलं तर या टॅबला ऐकू येतं का. तो म्हणाला, कॅमेरा आठ मेगापिक्सेल आहे. मी म्हटलं, आवाजाचं विचारते. तो म्हणाला, गेमिंगला एकदम मस्त. मी म्हटलं, माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, ती गेम खेळत नाही, ती गाते. तर म्हणाला, आंटी, घरच्या मुलांना घेऊन या, त्यांना समजेल. मी त्याला विचारलं, तुझी आई दुकानात आली तर तिलाही मुलं घेऊन यायला सांगतोस का, आणि बाहेर पडले. दुसऱ्या दुकानात टॅब चालू करून दाखवायलाच तयार नाहीत, खोका फोडायचा असेल तर आधी पैसे भरा. मी काय नुसता खोका बघायला आले होते?

चर्चच्या मागे आग्नेलचं छोटं दुकान आहे, दुरुस्तीचं आणि विक्रीचं. साठीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. तो एकटा असा निघाला की ज्याने आधी टॅब काढला नाही. कोणाला पाहिजे, कुठे राहतात, काय करणार, असं तीनदा विचारलं. मी सगळं सांगितलं. सिम पाहिजे, हलका पाहिजे, उभा ठेवायला मागे टेकू पाहिजे, काचेला म्हातारं बोट कळलं पाहिजे, आणि आवाज पोचला पाहिजे. मग त्याने तीन टॅब काढून टेबलावर ओळीने ठेवले, तिन्हींत आवाज टिपायचं चालू केलं आणि मला म्हणाला, बाय, आता दारात उभी राहा आणि गा.

मी म्हटलं, मी गात नाही, आई गाते. तो म्हणाला, मग आईला घेऊन ये. मला इतका राग आला की मी दारात गेले आणि गायले. हळदीचा धवला, पहिल्यापासून. समोर रिक्षा स्टँड. रिक्षावाले वळून बघत होते, बघू दे. स्क्रीन गार्ड लावायला आलेली एक बाई होती, ती पैसे द्यायचे विसरून उभी राहिली. पहिल्या टॅबमध्ये मी विहिरीत पडून ओरडल्यासारखी ऐकू आले. दुसऱ्याने प्रत्येक ओळीचं शेपूट कापलं. तिसऱ्यात सगळं नीट आलं, श्वाससुद्धा.

तोच घेतला. आठ इंची आहे. आग्नेलने सांगितलं की स्वस्त टॅबमध्ये कॅमेऱ्यात काटछाट करतातच, तू फोटोच्या नादी लागू नको. एक खोट त्याने स्वतःहून सांगितली. याला ऐकू चांगलं येतं, पण याचा स्वतःचा आवाज बारीक आहे. मी म्हटलं, याला बोलायचं कुठे आहे, आई बोलणार आणि हा ऐकणार. तुझ्या टॅबपेक्षा चार हजारांनी स्वस्त पडला. आईच्या बोटाला पहिल्याच दाबात उघडला.

रविवारी सकाळी दहाला तुझ्याकडे कॉल लावून बघायचा आहे. आंघोळ आधी उरक.

लोभ थोडा वर आला आहे, पुन्हा खाली ढकलू नकोस.

विनया

*

माणिकपूर,
ता. २७ जानेवारी २०२५

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कालचा कॉल छान लागला. आईचा चेहरा किती बारीक झालाय. स्क्रीनवर ती आणि आमच्या सोफ्यावर ऋतिका, दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. आईने गायला सुरुवात केली आणि सुरुची गंमत म्हणून ऋतिकाच्या पायाला पावडर लावत होती, हळदीसारखी. आवाज स्वच्छ आला. फक्त मागे पडत होता. गाणं पायाच्या अंगठ्यावर होतं आणि सुरुची गुडघ्यावर पोचली होती. नेटवर तेवढा उशीर चालायचाच.

ताई, तुझ्या चौथीबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. त्यावर काय लिहावं कळत नाही, म्हणून दुसरं एक लिहितो. हे फोनवर मला जमलं नसतं, कागद आहे म्हणून.

आईचा धवला मला हॉलमध्ये नको होता. वेळेचं कारण खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी आगाशीच्या लग्नात आई गात असताना कोणीतरी तिचा व्हिडिओ काढला. दात नसलेलं तोंड अगदी जवळून, आणि मागे गाडीचे भोंगे जोडलेले. तो फिरत फिरत आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला. सगळे हसले. मीही हसलो, ताई. ही माझी आई आहे, असं मी म्हटलं नाही. माझ्याच लेकीच्या लग्नात पुन्हा तसे मोबाइल वर झाले तर मी काय करणार, हे मला माहीत नव्हतं. म्हणून दोन मिनिटं.

डीजेला मी आता अर्धा तास बंद ठेवायला सांगितलं आहे. अल्पेशच्या आईने उलट विचारलं की धवलारीण कोण येणार आहे.

यानंतरही लोभ राहिला तर मी समजेन तो आईकडून आलेला आहे.

जितेंद्र

*

गास,
ता. ३१ जानेवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचून ते चुलीत घालायला निघाले होते. मग दोनदा वाचलं आणि घडी करून डब्यात ठेवलं. आईला वाचून दाखवलं नाही, दाखवणारही नाही. तू हसलास. बरं. ते तू मला लिहिलंस, तेवढ्यावर तुला एक थप्पड माफ आहे, दुसरी शिल्लक आहे.

पण आज माझा राग तुझ्यावर नाही. आज तो आईवर आहे, खुशीवर आहे आणि त्या आग्नेलवर आहे.

आग्नेलने दुकानात टिपलेला माझा आवाज टॅबमध्ये तसाच ठेवला होता. पुसला नाही. काल खुशी त्यात काहीतरी शोधत होती, तिला ते सापडलं आणि तिने आजीपाशी लावलं. मी वाडीत मोगऱ्याला पाणी सोडत होते. आईने डोळे मिटून ऐकलं म्हणे. विचारलं, ही बाय कुठली. खुशी म्हणाली, माझी आई आहे. आईने पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग मला हाक मारली, आणि मी ओल्या हातांनी आत आले तर सरळ म्हणते, मी नाही गाणार, तू गाशील.

मी म्हटलं, काय चाललंय. मग तिने सगळं शांतपणे सांगितलं, त्याचा मला जास्त राग येतो. म्हणे रविवारी तिने बघितलं, काचेतून गाणं मागे राहतं आणि हळद पुढे जाते. धवलारणीच्या मुठीत तांदूळ लागतात आणि डोळ्यांसमोर नवरीचा पाय लागतो. पाय दिसेल तसं गायचं असतं, आधी नाही, नंतर नाही. काचेतून ते होत नाही. म्हणून जो माणूस तिथे उभा राहू शकतो त्याने गायचं.

म्हणजे मी तुझ्याशी महिनाभर भांडले, त्या टायवाल्याकडून आंटी म्हणवून घेतलं, रिक्षा स्टँडसमोर गळा काढला, ते कशासाठी? तर बाईसाहेब म्हणतात काचेतून होत नाही. आणि मला कोणी विचारलं? चौथीत विचारलं नव्हतं, आताही नाही. मी सांगून टाकलं, मी गाणार नाही. मला येत नाही. ती म्हणाली, येतं. एवढंच. येतं. आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी गाणार नाही म्हणजे नाही. तुझा डीजे चालू ठेव.

लोभाचं आज विचारू नकोस.

विनया

*

गास,
ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. जितेंद्र यास अनेक आशीर्वाद.

(मामा, आजी सांगते आहे आणि मी तसंच्या तसं लिहिते आहे. आईला हे माहीत नाही. खुशी.)

बाला, ही विनया माज्याशी बोलत नाय. भाकर देते, औषध देते, बोलत नाय. तुज्याकडं एक काम हाय म्हनून लिवायला सांगते.

तिला सगलं येतं. मी कधी शिकवलं नाय. तुला कडंवर घेऊन ती दाराआड उभी असायची, मी गायची आनि तिकडं तिचे ओठ हलायचे. मला दिसायचं. एकदा सासवन्याच्या मांडवात मी एक कडवं विसरली, तर दाराआडून तिनंच बारीक आवाजात धरलं. दहा वर्षांची पोर. बायका म्हनाल्या कोन गाते. मी म्हटलं कोन नाय. ती चूक माजी. मला वाटलं, हिनं गायला घेतलं तर हिचं पन माज्यासारखं होईल, आपली पोरं दुसऱ्याच्या कडंवर आनि आपन लोकांच्या मांडवात. म्हनून तिला म्हटलं, तुला येत नाय. तेव्हापासून ती गप झाली. शाला पन घेतली आनि गानं पन घेतलं तिचं. दोन्ही मीच.

आता त्या काचेत तिचा आवाज ऐकला. माज्यापेक्षा चांगला हाय. रागानं गाते ना, म्हनून.

पन धवलारीन कोनी सांगून गात नाय. तिला बोलावनं लागतं. नवरीच्या बापानं सुपारी नि तांदूल घेऊन तिच्या दारात यायचं, उंबऱ्यावर ठेवायचं, मग ती उचलेल नायतर नाय उचलनार. माजी सुपारी तू आनलीच नव्हती, बाला. टॅब पाठवला. तुला ठावं नसंल, म्हनून मी बोलली नाय. आता विनयाची घेऊन ये. टेम्पोतून पाठवू नको. सोता ये.

माया हायच, ती काय लिवायची.

तुजी आई,
धोंडूबाई

*

माणिकपूर,
ता. ५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. येत्या रविवारी, ९ तारखेला सकाळी मी गासला येतो आहे. एकटा येतो आहे. कशाला ते आल्यावर उंबऱ्यावरच सांगेन.

त्या दिवशी माझी कुठलीही मीटिंग नाही आणि आंघोळ करूनच निघेन.

दार उघडं असावं, एवढाच लोभ.

जितेंद्र

*

गास,
ता. २१ फेब्रुवारी २०२५

चि. जितेंद्र यास,

अ. उ. आ. लग्न झालं, पोरगी विरारला नांदायला गेली, आता तुला पत्र वाचायला वेळ असेल. फोनवर सांगता आलं असतं, तू हल्ली उचलतोस. पण मला कागदाची सवय लागली आहे.

माझ्या उंबऱ्यावरची तुझी सुपारी मी उचलली तेव्हा आणि पुढे हॉलमध्ये काय झालं ते तुला माहीत आहे. इकडे गासला काय झालं ते खुशीने मला सांगितलं. आजीला धरून बसायला ती थांबली, स्वतःच्या मामेबहिणीचं लग्न तिने त्या आठ इंचात बघितलं.

ठरल्याप्रमाणे तू तुझं ते काचेचं ताट हॉलमध्ये पुढच्या खुर्चीवर ठेवलंस. तिथे वायफाय होतं म्हणून ते चाललं. मी त्याला एवढ्या शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या अर्ध्या परत घेते. अर्ध्या नाही. आता मी गाणार आणि आई ऐकणार, म्हणजे जो टॅब मी आईचा आवाज पोचावा म्हणून निवडून निवडून घेतला, त्याला नेमकं उलटं काम आलं. आग्नेलने सांगितलेली खोट तिथेच नडली. आवाज बारीक. आईला काही कळेना, ती खुशीवर डाफरायला लागली. तेव्हा पोरीने डोकं चालवलं. तुझ्या भावजींकडून पितळेचा रिकामा हंडा मागवला, टॅब त्यात उभा केला आणि हंडा आईच्या उशाशी ठेवला. सगळी खोली भरून आवाज आला म्हणे. आई हंड्यात डोकावून नात बघत होती.

मी दुसऱ्या कडव्यात चुकले ते तू ऐकलंस. सगळ्या हॉलने ऐकलं. पावलावरून मी सरळ गुडघ्यावर गेले, मधला पाय खाल्ला. आणि त्या खुर्चीवरून आईचा आवाज आला की घोटा कुठं टाकलास, मागं फीर. तीनशे माणसं हसली. मी म्हटलं, आता तांदूळ फेकून निघून जावं. मुठीत एवढे आवळले होते की तळव्यावर वळ आहेत अजून. तेव्हा बघितलं तर मोबाइल वर झाले होते, पाच-सहा तरी. आणि तू उठलास. तू काही ओरडला नाहीस. त्या मोबाइलांसमोर जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, गाते ती माझी ताई आहे आणि चूक काढते ती माझी आई आहे, काढायचं तर दोघींचं नीट काढा. मी ते ऐकलं. तुला वाटलं मी ऐकलं नाही, कारण मी बघितलं नाही तुझ्याकडे. बघितलं असतं तर पुढचं गाता आलं नसतं.

मग मी मागे फिरले, घोट्यावरून घेतलं आणि कपाळापर्यंत नेलं. अल्पेशची आई म्हणते चाळीस मिनिटं लागली. डीजेवाला जेवून आला.

रात्रीची वाट न बघता दुपारीच घरी आले. वाटलं, आता तरी आई काही बोलेल. आई म्हणाली, तिसऱ्या कडव्यात घाई केलीस. मी म्हटलं, बरं. मग म्हणते, पुढच्या वेळेला कोरडे तांदूळ घे, ओल्याने मूठ चिकटते. मी म्हटलं, पुढची वेळ नाही, तुझ्या नातीचं होतं म्हणून गायले.  ती, टॅब हंड्यातून काढून दे म्हणाली, आणि दुकानात टिपलेलं माझं तेच गाणं लावून झोपली.

आता खरं सांगायचं ते. परवा गावातला काशीराम आला होता, मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. सुपारी आणि तांदूळ घेऊन आईच्या दारात उभा. पन्नास वर्षांची पद्धत, तो दुसरीकडे कुठे जाणार? मी आत पालक निवडत होते, मला सगळं ऐकू येत होतं. आईने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. आणि मग म्हणाली, सुपारी इथं ठेवू नको. दोन घरं सोडून विनयाचं दार हाय, तिथल्या उंबऱ्यावर ठेव. तो म्हणाला, पण ती तर आत बसलीय. आई म्हणाली, असू दे. तिच्याच दारात ठेव. आपल्या दारात आलेलंच उचलायचं असतं.

काशीराम गेला. मी पालक तसाच टाकला आणि मागच्या वाटेने धावत माझ्या घरी आले. म्हातारीचा इतका राग आला होता की सुपारी उचलून विहिरीत टाकणार होते.

फडताळ उघडलं. वर माझी ती पाटी अजून आहे, तुला माहीत नसेल, लग्न होऊन आले तेव्हा बरोबर आणली होती. तिच्यावर ठेवली आहे सुपारी.

पालकाबरोबर मोगरा पाठवते आहे, सुरुचीला दे. लोभ भरपूर आहे, त्याची काळजी करू नकोस. आणि आग्नेलला विचार, मोठा आवाज असलेला, सिमवाला, हलका, परवडणारा टॅब त्याच्याकडे कधी येईल. मांडवात मी असले की आईला हंड्याशिवाय ऐकू आलं पाहिजे.

तुझी ताई,
विनया